गावपळणीचं संकेतस्थळ

महादू मेस्त्रीचं पत्र नवरात्रात आलं आणि भिकाजी पाताड्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, अशातला भाग नाही. उलट त्याच दिवशी ते शेजारच्या कट्टा गावच्या पोस्टात जाऊन कोरं आंतर्देशीय घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. आंतर्देशीय उडालं नाही. दिवाळी आली नि गेली, तुळशीचं लग्न लागलं, तरी ते चष्म्याच्या घराखाली तसंच निळं आणि कोरं पडून होतं.

महादूचं पत्र चार ओळींचं होतं. सुताराच्या हाताला पाल्हाळ ठाऊक नसतो. "यंदा गावपळण होणार असं ऐकतो. देवाने तारीख दिली की कळव. गुडघे कामातून गेलेत आणि कानांचं तुला ठाऊकच आहे. या खेपेला यावं म्हणतो, पुढच्या खेपेचं सांगवत नाही. चूल आपली एकच ना?"

सातेखोलात दर काही वर्षांनी रवळनाथाचा कौल झाला की अख्खा गाव घराला कुलपं घालून वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री, मांजरं आणि टोपलीत घातलेल्या कोंबड्याही जातात. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि तीन रात्री गाव देवाच्या ताब्यात असतो. आत दिवा नाही की माणसाचा आवाज नाही. चौथ्या दिवशी देवाला विचारून परत यायचं. भिकाजी आणि महादू चड्डी सांभाळत व्हाळ ओलांडायचे तेव्हापासून त्या माळावर दोघांच्या घरांची चूल एक. गेल्या खेपेला महादूचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो मुंबईलाच राहिला. त्या खेपेला भिकाजींची चूल तिन्ही दिवस नुसती धुमसली. त्यांच्या पत्नीने, चंद्रावतीबाईंनी, नाकाला पदर लावून सांगितलं होतं, "महादूभावजी फुंकर घालीत, आणि तुमी पुस्तकातला वाचून दाखवीत. आता नुसता वाचन ऱ्हवला."

मग उत्तर का दिलं नाही? तर भिकाजी पडले वाचणारे. गावच्या वाचनालयाचे ते उभ्या हयातीचे चिटणीस. थोरामोठ्यांचे पत्रसंग्रह त्यांनी इतके वाचले होते की स्वतःचं पत्र लिहायची त्यांना चोरी झाली होती. 'प्रिय महादू' लिहावं, तर उभ्या जन्मात महादूला त्यांनी प्रिय म्हटलेलं नाही. तो मायन्यावरच हसला असता. 'सप्रेम नमस्कार' लिहावा, तर महादू विचारणार, कोण वारलं? शिवाय 'पुढच्या खेपेचं सांगवत नाही' या वाक्याला तोलाचं उत्तर हवं. ते सुचेपर्यंत आठवडा गेला. आठवडा गेल्यावर उशीर झाल्याबद्दल दिलगिरी आली. उशीर वाढला तशी दिलगिरीही वाढली, आणि शेवटी ती आंतर्देशीयात मावेना. फोन करण्यात अर्थ नव्हता. महादूला ऐकू येत नाही आणि भिकाजींना फोनवर बोलता येत नाही, तेव्हा ते संभाषण कसं झालं असतं हे सांगायला नको.

त्याच पत्राच्या कोपऱ्यात महादूच्या सुनेने, रियाने, बारीक अक्षरात एक ओळ घातली होती: "काका, गावाची वेबसाइट असेल तर पत्ता कळवा, बाबांना तारीख मोठ्या अक्षरात दाखवीन." त्या ओळीने घोटाळा केला. भिकाजींना वाटलं, गावाचं संकेतस्थळ निघालं, त्यावर तारीख आली, ती महादूने वाचली, की पत्राचं ओझं आपोआप उतरलं. एक आंतर्देशीय चुकवण्यासाठी माणूस कुठवर जाईल याला काही धरबंध नसतो.

वाचनालयाच्या सभेत त्यांनी हात वर केला. त्यांचा हात आजवर फक्त ठराव मंजूर करायला वर झाला होता, मांडायला नव्हे, त्यामुळे सगळे चपापले. गावाचे मुख्य मानकरी बाबली गावकर तक्क्याला टेकून बसले होते. ते सरळ झाले. "आबांनू, पंखो बंद करूचो हा?"

"नाही," भिकाजी म्हणाले. "संकेतस्थळ. गावाचं. मुंबईकरांना गावपळणीची तारीख कळेल."

हे इतकं बोलून त्यांना घाम आला. पण सभा मुंबईकरांच्या नावाने नेहमीच हळवी होते. ठराव मंजूर झाला आणि भिकाजींना अंमलबजावणीप्रमुख नेमण्यात आलं. ज्याने सुचवलं त्याच्याच गळ्यात घालायचं ही आमच्याकडची लोकशाही आहे.

पहिली अडचण ग्रामपंचायतीची. गावाचं नाव वापरायचं तर ना हरकत दाखला हवा. ग्रामसेवकांनी सगळी कपाटं उघडली, पण संकेतस्थळाच्या दाखल्याचा नमुना कुठेच निघाला नाही. विहीर, पिठाची गिरण, लाउडस्पीकर, फलक, एवढेच नमुने होते. बराच विचार करून त्यांनी 'फलक' या सदरात दाखला दिला. त्यात छापील अट होती: सदर फलकामुळे रहदारीस अडथळा होता कामा नये. भिकाजींनी सही करताना ती दोनदा वाचली आणि प्रामाणिकपणे काळजीत पडले.

संकेतस्थळ उभारायचं काम कट्ट्याच्या किरण मयेकराने घेतलं. किरण चाळिशीचा गृहस्थ. त्याच्या एका गाळ्यात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, इंटरनेट आणि हंगामात आंब्याच्या पेट्या, असं सगळं नांदत होतं. त्याला न येणारी गोष्ट अजून कोणी पाहिली नव्हती, कारण ती येत नाही हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

"काय काळजी करू नकात, आबांनू," तो म्हणाला. "साचो तयार मिळता. तेच्यात फोटो घालूचे. तारखेसाठी क्यालेंडराचा प्लगइन आसा, ता फुकट."

"प्लगइन म्हणजे?"

"आता कसा सांगू. घर आपला. पण तारीख सांगूक एक माणूस ठेवलो. तो भायरचो."

"आणि तो फुकट का करतो?"

किरणने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. पुढे जे झालं ते पाहता, सगळ्या प्रकरणात विचारला गेलेला एवढाच प्रश्न शहाणपणाचा होता.

तुळशीच्या लग्नानंतर कौल झाला. देवाने चार डिसेंबर दिली. किरणने ती घातली. पडद्यावर रवळनाथाचा फोटो, खाली भिकाजींनी आठ दिवस खपून लिहिलेला गावाचा इतिहास आणि त्याखाली लाल अक्षरात 'गावपळण : ४ डिसेंबर' असं झळकलं तेव्हा भिकाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रियाला संकेतस्थळाचा पत्ता किरणनेच ईमेलने कळवला. 'महादूस नमस्कार सांगावा' एवढं त्यात घालायला भिकाजींनी सांगितलं. हा नमस्कार फुकट प्लगइनइतकाच खरा होता, हे त्यांना आतून जाणवलं, पण ते बोलले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी पानाच्या वरच्या अंगाला एक पिवळी पट्टी उगवली. नवीन आवृत्ती आली आहे, ताबडतोब घ्या, असं ती इंग्रजीत म्हणत होती.

"अपडेट इलो हा," किरण म्हणाला. "मारूया?"

"न मारला तर?"

"तसो ऱ्हवात. पण पट्टी जावची नाय."

मारला. पट्टी गेली आणि तिच्याबरोबर मराठीही गेली. गावाचा इतिहास, मानकऱ्यांची नावं, वाचनालयाची स्थापना, सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उभी राहिली. भिकाजींचा आठ दिवसांचा गद्यलेख वरपासून खालपर्यंत एक प्रदीर्घ शंका होऊन बसला. स्वतःच्या लेखनाबद्दल त्यांना जे नेहमी वाटायचं, ते असं छापून आलेलं पाहून ते गाळ्यातल्या आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसले.

बाबली गावकर मुद्दाम पाहायला आले. बराच वेळ पडदा निरखून म्हणाले, "देवान तारीख दिल्यान, आणि तुमी उलटे देवाकच इचारतास?"

किरणने जुनी प्रत शोधून काढली आणि अक्षरं परत आणली. पण आता उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आला. त्यात एक गोरी बाई पोटाभोवती टेप लावून आनंदाने उभी होती. कसला तरी वजन उतरवणारा चहा होता तो. पान खाली न्या, बाई खाली येई. वर न्या, बाई वर. देवाच्या फोटोपाशी आलं की ती नेमकी देवाच्या खांद्यावर बसे. चौकोनाच्या डोक्यावर एक बारीक फुली होती. ती दाबली की बाई नाहीशी होई आणि तिच्या जागी दुसरा, आणखी मोठा चौकोन येई.

भिकाजींना ती फुली दाबायचा धीर होत नसे. कोणी बोलत असताना मध्येच तोंड बंद करायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाचत, मान हलवत आणि मग वाट पाहत. जाहिराती अशा माणसाला बरोबर ओळखतात.

चंद्रावतीबाई एकदा बाजाराला आल्या असता गाळ्यात डोकावल्या. "ही कोण बाय?"

"जाहिरात आहे."

"पोट खपाटीक गेलाहा तिचा. हिका आदी जेवक घाला."

एके दिवशी काशीबाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. काशीबाई भिकाजींच्या शेजारीण. त्या घरात एकट्याच आणि त्यांची जीभ सोबतीला. त्याच वेळी पडद्यावर नवा चौकोन फडफडत आला आणि किरणने सवयीने तो मराठी करून मोठ्याने वाचला, "तुमच्या परिसरातल्या एकट्या बायका तुमची वाट बगतत."

काशीबाईंनी रेशनकार्ड पदरात धरलं.

"माजा नाव थय कोणी दिल्यान?" त्यांनी विचारलं.

"काशीवैनी, तसं नाही," भिकाजी उठून उभे राहिले. "हे सगळीकडेच येतं."

"सगळीकडे गेला? कणकवलेकसुद्धा? आबांनू, मी तुमका देवमाणूस समजत होतंय."

पुढचे काही दिवस काशीबाई दगडी गडग्यावरून पाहत, पण बोलत नसत. त्यांच्याकडून येणारी अळवाची पानंही बंद झाली. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एकाने सांगितलं, कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे ते फिरवा. दुसऱ्याचा भाचा वेंगुर्ल्याला बँकेत होता. तो म्हणे की पैसे भरून मोठी आवृत्ती घेतली की जाहिराती जातात. वाचनालयाने त्या वर्षी मासिकंसुद्धा बंद केली होती, तेव्हा तो मार्ग राहिला बाजूला. भिकाजींच्या डोक्यात मात्र दाखल्यातली अट घुमत होती. रहदारीस अडथळा. देवाचं दर्शन घ्यायला येणाऱ्यांच्या वाटेत फेरीवाली बसवली ती आपण.

म्हणून त्यांनी प्लगइनवाल्यांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, शब्दकोश उशाला घेऊन. आपल्या कार्याबद्दल आदर आहे, आपणांस त्रास देताना संकोच वाटतो, तथापि सदर बाईंना देवाच्या खांद्यावरून उतरवता येईल काय, अशा आशयाचं. किरणने ते ईमेलने पाठवलं आणि कीबोर्डवरून हात काढायच्या आत उत्तर आलं. 'प्रिय भिकाजी, तुमचा संदेश आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. तुमचा तक्रार क्रमांक सोबत आहे.'

भिकाजी भारावले. इतक्या तातडीने आणि इतक्या आपुलकीने त्यांना कोणी लिहिलं नव्हतं. त्यांनी लगेच आभाराचं पत्र धाडलं. त्यालाही तत्काळ उत्तर आलं: 'प्रिय भिकाजी, तुमचा संदेश आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे.' क्रमांक नवा होता. मग आभाराला आभार कळवणं आलंच. असा पत्रव्यवहार आठवडाभर चालला. भिकाजी रोज सकाळच्या एसटीने कट्ट्याला जात, काल आलेल्या उत्तराला सविस्तर उत्तर लिहीत आणि घरी येताना त्यांना आपण पत्रलेखक असल्यासारखं वाटे. घरात ते आंतर्देशीय चष्म्याच्या घराखाली होतंच.

त्या आठवड्यात अपडेट आणखी एकदा येऊन गेला. किरण तो मारून मोकळा झाला होता, कारण आता त्याला पट्टी दिसली की हात आवरत नसे. दोन दिवसांनी गावच्या दुकानात मुंबईहून फोन सुरू झाले. सगळे खुशीत.

"एप्रिलात गावपळण ठेवलास ता बरा केलास. पोरांका सुट्टी, वर आंबे."

झालं होतं असं की नव्या आवृत्तीच्या मालकांच्या देशात आधी महिना म्हणतात आणि मग दिवस. त्यांनी किरणने आकड्यांत भरलेला देवाचा चार-बारा आपल्या रीतीने वाचून बारा एप्रिल करून टाकला होता. वर मोठ्या अक्षरात 'घाई नाही, अजून भरपूर वेळ आहे' अशा अर्थाची एक ओळही घातली होती. महादू आता एप्रिलची वाट पाहत बसणार.

तारीख बदलणं ही साधी गोष्ट नव्हती. ती देवाने दिलेली तारीख. बाबली गावकरांनी देवळात गाव जमवला. मधोमध भिकाजी आणि किरण गुन्हेगारासारखे बसले. किरणचं म्हणणं, आणखी एक अपडेट आला आहे, तो मारला की तारीख सुधारेल. गावाचं म्हणणं, आजवर जेवढे मारले तेवढे बाधले. वाद वाढला तेव्हा कोपऱ्यातून कोणी नवाच मुद्दा काढला, की गावपळणीला गावाचं म्हणून जे काही आहे ते सगळं वेशीबाहेर जायला हवं. मग या संकेतस्थळाचं काय?

"ता ऱ्हवता खंय?" बाबलींनी विचारलं.

"सर्व्हरवर," किरण म्हणाला.

"तो खंय?"

"लांब."

"तळेऱ्याच्या पलीकडे?"

"खूपच पलीकडे."

"मगे ता वेशीभायरच आसा," बाबलींनी निकाल दिला. "ऱ्हवलो तो अपडेट. तेचा देवाकच इचारा."

सुदेश घाडी पुढे झाला. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि गळा मोकळा केला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज ह्या तुज्या लेकरांनी जा काय संकेतस्थळ काडल्यानी, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेच्यात जो कोण वाकडो अपडेट घुसलो आसात, आणि जी कोण परकी बाय तुज्या खांद्यावर येवन बसली आसात, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तिका आल्या वाटेन परत लाव, तिच्या पोटाक घाल, आणि तुजी तारीख तुका परत गावांदे, म्हाराजा."

"होय म्हाराजा." भिकाजींनी हे इतक्या कळवळून म्हटलं की पुढच्या ओळीतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर अपडेट मारायचा, डावी पडली तर आहे तसं ठेवायचं. बराच वेळ काहीच पडलं नाही. "देव इच्यार करता," बाबली पुटपुटले. मग डावी पाकळी अलगद सुटली आणि खाली आली. मारायचा नाही.

सगळ्यांनी किरणकडे पाहिलं. किरण पायांच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"मी सकाळीच मारलंय," तो म्हणाला.

बाबलींनी डोळे मिटले. मग सगळा गाव मिळेल त्या वाहनाने कट्ट्याला आला. किरणने पान उघडलं. पान पांढरं होतं. देव नाही, इतिहास नाही, तारीख नाही, प्रश्नचिन्हंसुद्धा नाहीत. किरणने चार ठिकाणी दाबून पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पण पान आपलं धुतलेल्या धोतरासारखं पांढरंच. फक्त उजव्या कोपऱ्यात ती बाई पोटाला टेप लावून उभी होती.

"बरा झाला," बाबली गावकर म्हणाले. "गावाआदी संकेतस्थळ पळाला. फेरीवाली तेवढी आत ऱ्हवली."

हसू उसळलं. काशीबाई सगळ्यांत जास्त हसल्या आणि जाताना भिकाजींना म्हणाल्या, "आबांनू, उद्या अळू धाडतंय." बाबलींनी दुकानातून मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि चार डिसेंबर म्हणून सांगितलं. अध्यक्ष बरं म्हणाले. काम झालं. भिकाजींनी ज्यासाठी गावाचा दाखला, देवाचा नारळ आणि स्वतःची अब्रू खर्ची घातली होती, ते विड्याच्या पानाला चुना लावायच्या आत उरकलेलं पाहून त्यांना हसावं की काय ते कळेना. निदान महादूला तारीख कळेल, एवढं समाधान घेऊन ते घरी आले.

चंद्रावतीबाई पडवीत माडाच्या हिरांची केरसुणी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"रियाचो फोन इल्लो," त्या म्हणाल्या.

"तारीख कळली ना त्यांना? आत्ताच बाबलीने मंडळाला…"

"कळली. मी पण सांगितलंय, चार डिसेंबर. तिने महादूभावजींका पाटयेर लिवन दाखवल्यान."

"मग?"

"येवचे नाय म्हणतत."

भिकाजी उंबऱ्यावर थांबले.

"कित्याक म्हणान इचारलंय," चंद्रावतीबाईंनी हिरांना वेढा घातला. "ते म्हणाले, तारीख माका कोणय सांगात. भिकाजीन बोलावल्यान काय? नवरात्रात पत्र टाकलंय, अजून उत्तर नाय. गुडघे गेलेल्या माणसाक उचलून कोण व्हाळापलीकडे नेतलो? तेका नको आसतला, आणि तो तोंडार नाय म्हणूचो नाय. असा म्हणाले."

"नको असेल? मला?"

"माका काय इचारतास? त्या मशीनीक रोज उत्तर दितास. ती तुमका प्रिय भिकाजी म्हणता. महादूभावजी म्हणूचे नायत, तेंका कोणी शिकवूक नाय."

भिकाजी आत गेले. चष्म्याचं घर उचललं, चष्मा लावला आणि आंतर्देशीय समोर ओढलं. घर जिथे होतं तेवढी जागा निळीशार आणि भोवतालची उन्हाने विटलेली. दिलगिरीचे जमवलेले सगळे उतारे त्यांना आठवले. थोरामोठ्यांचे मायने आठवले. मग धुरकट चुलीसमोर तोंड फुगवून बसलेला, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही 'वाच, वाच, थांबू नको' म्हणणारा महादू आठवला. त्या माणसाला कसला मायना? त्यांनी लिहायला घेतलं.

"महादू, चार डिसेंबरला सकाळी गाव सोडायचा. तू आदल्या दिवशी ये. व्हाळापर्यंत टेम्पो येतो, पुढे खुर्चीत बसवून नेऊ, चौघांना सांगून ठेवतो. गेल्या खेपेला तुझ्याशिवाय चूल पेटली नाही, नुसता धूर झाला. चूल आपली एकच. उत्तराला उशीर झाला. ये. भिकाजी."

एवढ्या दिवसांची दिलगिरी तीन शब्दांत बसली आणि आंतर्देशीयाचा मोठा भाग कोराच राहिला. तो भरून काढावा असं त्यांना क्षणभर वाटलं. चंद्रावतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. "चिकटवा," त्या म्हणाल्या. त्यांनी चिकटवलं.

शेवटच्या एसटीने जायला मिळालं असतं, पण ते आल्या पावली चालतच कट्ट्याला निघाले. एसटीची वाट पाहताना आपण पत्र उघडून 'ये' च्या आधी काहीतरी घालू, अशी त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.

कट्ट्याच्या पोस्टाबाहेर तांबडी पेटी आहे. भिकाजी तिच्यापाशी आले आणि थबकले. पेटीच्या तोंडावर कोणीतरी ताजं पत्रक चिकटवलं होतं. इंग्रजी बोलायला शिका, आजच नाव नोंदवा, फी निम्मी. कागद नेमका फटीवर आडवा बसला होता. सवयीप्रमाणे भिकाजींनी ते शेवटपर्यंत वाचलं. क्लासचा पत्ता वाचला, वेळ वाचली, संचालकांची पदवीसुद्धा वाचली. वाचून झाल्यावर त्यांची मानही हलली. मग त्यांनी कोपऱ्याखाली नख घातलं. खळ अजून ओली होती, पण एक कड चिवटपणे धरून होती. पोस्टाच्या पायरीवर बसलेला माणूस त्यांच्याकडे बघू लागला. भिकाजींनी एरवी त्याची माफी मागितली असती. आज त्यांनी छत्री काखेत मारली, दोन्ही हातांनी कागद धरला आणि टर्रकन ओढला.

पेटीचं तोंड मोकळं झालं. भिकाजींनी आंतर्देशीय आत सोडलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत कान पेटीला लावून उभे राहिले.